दोन महिन्यांचा राखणदार

रोहिणखेडच्या शिवारात हिवाळ्यात फिरा. तुरीच्या कडेला खोपी, खोपीपुढे खुंटा, खुंट्याला हातभर साखळी आणि साखळीच्या टोकाला दीड-दोन महिन्यांचं पिल्लू, हे सहज दिसतं. साखळी मुळात वासरासाठी आणलेली असते. पिल्लू पुढे झेपावतं, मान हिसकते, ते मागे आपटतं. पुन्हा उठतं. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: मोकळं सोडलं की कुत्रं लाडावतं, बांधलं म्हणजे तिखट होतं, राखण करतं.

राखणीची गरज खरी आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचं वावर आडवं करतो. रोही हरभरा खाऊन जातात. जागलीला माणूस मिळत नाही. कुत्रं हवंच. पण खुंट्याला बांधलेलं कुत्रं डुकरामागे धावणार कसं? आणि ज्याला आयुष्यात कधी धावूच दिलं नाही, ते सोडल्यावर तरी काय करणार?

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. आपलं कोण, परकं कोण, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे तेव्हा मनात बसतं. भावंडांशी झोंबताना जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दात किती रुतवायचा, हे पिल्लू तिथे शिकतं. नेमक्या याच आठवड्यांत आपण त्याला आईपासून तोडतो आणि साखळीला अडकवतो. मग जे तयार होतं त्याला तिखट म्हणतो. बहुतेकदा ते भेदरलेलं असतं. पळून जायची सोय नसलेला जीव भीतीपोटी अंगावर येतो.

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. माणसाला चावलेल्या कुत्र्यांत अंगणात साखळीने बांधलेल्यांचं प्रमाण न चावलेल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं. आपल्याकडेही विचार करून पाहावा. साखळीच्या टप्प्यात कोण येतं? रानडुक्कर येत नाही. घरातलं रांगतं पोर येतं.

पिल्लाला खेळायला हवं तरी किती? फार नाही. दिवसाचे अठरा-वीस तास ते झोपतं. उरलेल्या वेळात थोडा थोडा वेळ उड्या, झोंबाझोंबी, माती उकरणं, की पुन्हा आडवं. शहरात एक ठोकताळा सांगतात: वयाच्या दर महिन्यामागे पाच मिनिटं, म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला एका वेळी पंधरा मिनिटं चालवावं. त्यामागे पक्कं संशोधन नाही, आणि तो आहे पट्ट्याने चालवण्यापुरता. पट्टा लावला की अंतर आणि वेग माणूस ठरवतो. मोकळं पिल्लू दमलं की आपणच बसतं. हाडांची टोकं वर्षभर, मोठ्या जातींत त्याहूनही जास्त काळ, कोवळी असतात. म्हणून चार महिन्यांच्या पिल्लाला मोटारसायकलमागे शेतापर्यंत पळवत नेणं हेही चूकच. बांधून ठेवण्याची भरपाई त्याने होत नाही.

या बाबतीत नॉर्वेतल्या पशुवैद्यकांनी २०१२ साली मांडलेले निष्कर्ष वाचण्यासारखे आहेत. त्यांनी चार मोठ्या जातींची पाचशेच्या आसपास कुत्री जन्मापासून पाहिली. प्रश्न होता खुब्याच्या सांध्यातल्या दोषाचा. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढ-उतार केलेल्या पिल्लांत धोका वाढला. उघड्यावर, बिनपट्ट्याने, उंचसखल जमिनीवर खेळलेल्यांत तो घटला. आणि शेतावर जन्मलेल्यांतही तो कमी होता.

शेतावर जन्मलेल्यांत. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये पिल्लू पाळणारा माणूस जी जमीन शोधत गाड्या काढून हिंडतो, ती रोहिणखेडच्या वावरात दारापुढे पसरलेली आहे. भुसभुशीत माती, बांध, उतार, वासरं, शेळ्या, पोरं. पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. लागतं ते फक्त साखळी काढणं. तेवढंच आपण करत नाही, आणि पिल्लू हातभर जागेत स्वतःच्या घाणीवर बसून राहतं.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी करणारा कायदा १९६० चा. त्याच्या अकराव्या कलमात अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. लगेच पुढे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही मालकाचा गुन्हा म्हणून स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. शिक्षा? पहिल्या गुन्ह्याला दंड कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. पन्नास रुपयांत आज नवी साखळीही येत नाही. या दंडाच्या धाकाने कुणी खुंटा उपटेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. हे मालकाला पटलं तरच होईल.

पटवायला परदेशातले अभ्यासही नकोत. हिवाळ्यात रानात मेंढ्या बसवायला येणाऱ्या धनगरांची कुत्री पाहा. त्यांची पिल्लं मेंढ्यांच्या पायांत लोळत वाढतात. कोकराशी खेळतात, मेंढीची ढुशी खातात, पोरांच्या ताटातलं उष्टं खातात. मोठी झाली की रात्री लांडग्यावर जातात तीच. मेंढीला मात्र दात लावत नाहीत. तिखटपणा हवा तर असा हवा. मोकळं कुत्रं कोंबड्या मारतं, ही तक्रारही इथेच सुटते: जे पिल्लू दोन महिन्यांचं असल्यापासून कोंबड्यांत वावरलं आणि वेळच्या वेळी दटावलं गेलं, त्याला कोंबडी ही शिकार वाटण्याचा संभव फार कमी.

तेव्हा पिल्लू दोन महिने आईजवळ राहू द्यावं. आणल्यावर मोताळ्याला किंवा बुलढाण्याला नेऊन लसी टोचून घ्याव्यात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची धरून. त्या होईपर्यंत गावातल्या कुत्र्यांत सोडू नये, आपल्या वावरात सोडावं. रात्री बिबट्याचं भय असेल तर खोपीत घेऊन दार लावावं. रस्ता जवळ असेल आणि बांधणं टळतच नसेल, तर हलकी, लांब दोरी सावलीत बांधावी, जवळ पाणी ठेवावं, आणि सकाळ-संध्याकाळ पोरांच्या हवाली करावं. पोरं तयारच असतात.