शंभर टक्क्यांतून गळालेली मुलं

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फलक झळकतो : निकाल शंभर टक्के! मी शिक्षक आहे, हा हिशेब मला ठाऊक आहे. टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्यांची. आठवीनंतर शाळा सुटलेली मुलं त्यात नसतातच.

मुरबाड तालुक्यातलं धसई डिसेंबर २०१६ मध्ये कॅशलेस गाव म्हणून गाजलं. दुकानांतली कार्डाची यंत्रं मोजली गेली. याच तालुक्यातली बरीच कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. दहावीची परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये. शिक्षणहक्क कायदा तर चौदाव्या वर्षीच हात काढून घेतो.

"त्यांना शिकायचंच नसतं," असं आपल्यातलेही काही म्हणतात. भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलेल्या आपल्या पोरांबद्दल हेच वाक्य ऐकलं की आपल्याला राग येतो ना? २००६ च्या सच्चर अहवालाचे दाखले आपण देतो. मग कातकऱ्याच्या पोराला वेगळं माप का?

आठवीच्या पटावर किती होते, दहावीला किती बसले, कोणत्या वाडीतले गळाले, हेही फलकावर लिहा. मग खुशाल पेढे वाटा.