लग्न झालं, खेळ संपला



या वेळची सुरुवात एका व्हिडिओ गेमपासून करते आहे. हसू नका.

माझ्या धाकट्या भावाने घर बदलताना जुनं सामान काढलं, त्यात त्याचं पीएसपी निघालं. पीएसपी म्हणजे दोन्ही हातांत धरून खेळायचं, चष्म्याच्या डबीएवढं यंत्र. तो भंगारात देणार होता, मी मागून घेतलं. रात्रीची भांडी आवरली की मीरा रोडच्या आमच्या घरात मी अर्धा तास ते घेऊन बसते. मुलाला "गेम बंद कर" म्हणणारी आई स्वतःच खेळते, यावरून घरात बरीच चेष्टा झाली. होऊ दे. नवरा तासन्‌तास क्रिकेट बघतो, त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

भावाच्या सामानात 'हार्वेस्ट मून : बॉय अँड गर्ल' नावाचा जपानी खेळ होता, २००५ सालचा. त्यात मारामारी नाही, शर्यत नाही. एक पडीक शेत मिळतं. दगड वेचायचे, पेरायचं, पाणी घालायचं, गाई-कोंबड्या सांभाळायच्या, गावातल्या माणसांशी ओळखी वाढवायच्या. यासुहिरो वादा यांनी १९९६ साली ही मालिका सुरू केली, तेव्हा नायक मुलगाच होता. या खेळात मुलगा व्हायचं की मुलगी हे निवडता येतं. मी अर्थातच मुलगी झाले.

मुलाची गोष्ट सरळ आहे, त्याला आजोबांचं शेत वारशाने मिळतं. मुलगी आईबापांनी चालवलेल्या लग्नाच्या खटपटीला कंटाळून घर सोडते, जहाज वादळात बुडतं, ती किनाऱ्याला लागते आणि गावकरी तिला ओसाड शेत कसायला देतात. मुलाला वारसा आणि मुलीला ओसाडी, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी शेतीत रमले होते. बटाटे काढले, टोमॅटो लावले, मका लावला. मग गावातल्या एका भल्या तरुणाशी लग्न केलं. पडद्यावर नावं सरकली आणि खेळ संपला. पुढे काही नाही. गाई, मका, शेत, सगळं तिथेच राहिलं.

मला वाटलं, यंत्रच बिघडलं. भावाला फोन केला. तो म्हणाला, "छे गं, लग्नानंतरच तर मजा आहे. बायको घरी येते, मूल होतं, शेत चालूच राहतं." तो कायम मुलगा होऊनच खेळला होता. मुलीचा खेळ लग्नाशी संपतो हे त्याला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं, माहीत असायची गरजही पडली नव्हती. गंमत म्हणजे याच गावाच्या, गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवर २००३ साली आलेल्या मुलींच्या खेळात लग्नानंतरही खेळता येतं. म्हणजे करणाऱ्यांना चूक कळलेली होती. पण दोन वर्षांनी जुनाच खेळ नव्या यंत्रावर आणताना शेवट तसाच ठेवला.

हे सगळं मी विसरूनही गेले असते. पण त्याच आठवड्यात आमच्या भाईंदरच्या केंद्रात एक मावशी आल्या. पन्नाशी उलटलेली, लग्न १९८८ सालचं. पिशवीत हक्कसोडपत्राचा मसुदा. राई-मुर्ध्यापासून घोडबंदरपर्यंत ज्यांच्या भातखाचरांवर आज इमारती उभ्या आहेत, त्या घरांतल्या बहिणींना हा कागद नवा नाही. बिल्डरशी करार ठरला की बहिणींची आठवण होते. साडी घेतली जाते, गाडी पाठवली जाते, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठे आणि फोटो होतात.

मावशींना भावांनी सांगितलं होतं, "चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्यांना हक्कच नाही. सही नुसती पद्धत म्हणून." हे अगदीच हवेतलं नाही, म्हणूनच घातक आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध वाटा दिला, तेव्हा आपण किती आनंदलो होतो! पण त्याच कायद्यात एक कलम होतं : त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हा वाटा नाही. सख्ख्या दोन बहिणी, एकीचं लग्न मे महिन्यात, दुसरीचं जुलैत. एक हक्कदार, दुसरीचा खेळ संपला. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, तिने ही लग्नाची अट ठेवली नाही. त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत. आणि हक्कच नसेल तर तो सोडायला सही कशाला लागेल?

हे मी मावशींना सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, कायदा कळला. पन सही नाय केली तर माहेरचा दरवाजा बंद. मंग मी जाऊ कुठं?"

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पाचेक वर्षांपूर्वी अशाच एका बहिणीला मी म्हटलं होतं, "पैशापेक्षा नाती मोठी, मन मोठं करा." समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी हा सल्ला दिला! तिने सही केली. पुढच्या वर्षी भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीचं आमंत्रणही तिला आलं नाही. आज मी 'सही करा' म्हणत नाही. 'करू नका' असंही दरडावत नाही, कारण माहेर तुटल्यावर रात्री रडणार त्या आहेत, मी नाही. पण कागद वाचल्याशिवाय, सात-बारा आणि फेरफार बघितल्याशिवाय, आपला वाटा रुपयांत किती होतो हे कळल्याशिवाय गाडीत बसू नका, एवढं ठामपणे म्हणते. सोडायचं तर काय सोडतोय ते माहीत असावं. आणि भावांनाही ते माहीत असावं. त्यांनी आजवर मुलगा होऊनच खेळ खेळलाय.

मावशींनी मसुदा परत पिशवीत ठेवला. सात-बाराचा उतारा काढायला त्यांच्या सुनेला बरोबर घेऊन आम्ही जाणार आहोत. कधी, ते त्यांनीच ठरवलं.

"भाऊबीज होऊ दे," म्हणाल्या, "मंग येते."