इराणी गालिचा की येरवड्याचा?

दसरा झाला, चांगलं ऊन पडू लागलं की आमच्या भुशीत घराघरांतून गोधड्या आणि घोंगड्या बाहेर येतात. पावसाळ्यात धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी धावतं ते पाहायला सारी मुंबई-पुण्याची मंडळी लोटतात. पण त्याच दिवसांत इथल्या भिंतींनाही ओल येते. लोकरीच्या वस्तूचे हाल तर विचारू नका. म्हणून गोधड्यांबरोबर आमचा गालिचाही बाहेर निघतो. रंग उडू नये म्हणून तो पाठ वर करून घालायचा, ही वडिलांची शिस्त.

वडील लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर माळी होते. १९७४ साली बंगला विकला गेला, तेव्हा मालकीणबाईंनी तो गालिचा वडिलांना दिला. सहा फूट बाय नऊ फूट, तांबडी जमीन, मधोमध मोठं पदक, कडेला निळी वेलबुट्टी. मी तेव्हा नुकताच शाळेत लागलो होतो. पुस्तकात इराणच्या गालिच्याचं चित्र पाहिलं आणि ठरवूनच टाकलं, की हा इराणी! पुढे तीस-बत्तीस वर्षं भूगोलाच्या तासाला इराण आला की मी मुलांना ऐटीत सांगायचो, 'अरे, आमच्या घरी आहे एक!'

गेल्या वर्षी नातवाने तो विकायचा विषय काढला. एका जाणकार व्यापाऱ्याला बोलावलं. त्याने गालिचा उलटा करून बोटाने गाठी मोजल्या, झालरीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "सर, माल हाताचाच आहे. पण इराणचा नाही. जेलचा दिसतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "जाहिरातीत पर्शियन लिहू. कोण विचारतंय?"

मी त्याला चहा पाजून परत पाठवला. नंतर ट्रंकेतली वडिलांची जुनी वही काढली. बंगल्यातल्या सामानाची यादी ते तीत लिहीत असत. खुर्च्या, कंदील, पितळी घंगाळ, आणि त्याखाली लिहिलेलं, 'गालिचा येरवडा १'. चौथी शिकलेल्या माणसाने खरं ते लिहून ठेवलं होतं. खोटं पसरवलं ते बीए झालेल्या मी!

येरवड्याचा तुरुंग १८७१ सालचा. तिथे कैद्यांकडून गालिचे विणून घेत. लाहोर, आग्रा इथल्या तुरुंगांतही हे काम चाले. नक्षी बहुधा इराणची घेत. व्हिक्टोरिया राणीसाठी आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला अवाढव्य गालिचा विंडसरच्या राजवाड्यात गेला. या कामावर तेव्हाही टीका झाली. बेळगावात जन्मलेले जॉर्ज बर्डवूड यांनी १८८० सालच्या आपल्या पुस्तकात तुरुंगातल्या गालिच्यांवर कडक शब्दांत लिहिलं. कैद्याची मजुरी जवळजवळ फुकट, मग पिढीजात विणकराने त्याच्याशी बरोबरी कशी करायची, हा त्यांचा सवाल होता. तो मला आजही रास्त वाटतो. तेव्हा 'येरवड्याचा' म्हणून उगाच अभिमान मिरवण्यात अर्थ नाही. त्यात सक्तीही आहे.

पण म्हणून तो कमअस्सल ठरतो का? मला नाही वाटत. मी पट्टी घेऊन पाठीवरच्या गाठी मोजल्या. एका चौरस इंचात साधारण शंभर. म्हणजे चोपन्न चौरस फुटांत सात लाख सत्याहत्तर हजार सहाशे! रोज आठ हजार गाठी धरल्या, तरी एका माणसाचे सत्त्याण्णव दिवस. गाठही इराणी पद्धतीची आहे: लोकरीचा धागा एका उभ्या सुताला पूर्ण वेढा देतो आणि शेजारच्या सुतामागून नुसता निघतो. बोटं कैद्याची म्हणून गाठ सैल पडलेली नाही. मी शाळेत असतानापासून म्हणजे पन्नास वर्षं आमच्या घरात पायाखाली आहे, अजून धड आहे.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अर्दबीलचा जगप्रसिद्ध गालिचा आहे. त्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हे साल आणि मक्सूद काशानी हे नाव विणलेलं आहे. आमच्या गालिच्यावर कुणाचंच नाव नाही. ज्याने विणला त्याचा गुन्हा काय, तो सुटला की तिथेच गेला, काही कळायला मार्ग नाही. त्याची एवढीच एक खूण उरली, 'येरवडा'. चार पैसे जास्त मिळावेत म्हणून तीही पुसून 'पर्शियन' लिहायचं? त्याच्याकडून मजुरी तर काढून घेतलीच होती. आता मेहनतीचा पत्ताही आपण काढून घ्यायचा?

नातू म्हणाला, "आजोबा, घेणाऱ्याला काय फरक पडतो?" घेणाऱ्याला पडो न पडो, विकणाऱ्याला पडला पाहिजे. विकायचा तर खुशाल विका, मी अडवणार नाही. पण पावतीवर 'येरवडा, हातविणीचा' असंच लिहा. किंमत निम्मी आली तरी चालेल.

अजून तरी गालिचा घरातच आहे. कोपऱ्याला मी पांढऱ्या कापडाची पट्टी शिवली आहे आणि तीवर न जाणाऱ्या शाईने वडिलांच्या वहीतले ते शब्द लिहिले आहेत. आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर बाळांनो, सर तेव्हा चुकले होते. वहीत दुरुस्ती करून घ्या.