पडद्यावरचे पाणी आणि खोऱ्याचा हिशेब

पाणी-व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन प्रकल्पांवर अनुबोधपट काढण्याचा प्रघात आता चांगलाच रुळला आहे. जाडजूड अहवाल वाचण्याची सवड थोड्यांनाच असते. वीस मिनिटांचा चित्रपट मात्र मंत्री पाहतो, देणगीदार संस्था पाहते आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही पाहतो. ज्ञानप्रसाराचे साधन म्हणून त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु प्रकल्पाच्याच पैशातून निघालेला चित्रपट जेव्हा त्या प्रकल्पाच्या यशाची ग्वाही देतो, तेव्हा त्या साक्षीची उलटतपासणी करणे प्रेक्षकाचे कर्तव्य ठरते.

अशा चित्रपटांचा साचा बहुधा ठरलेला असतो. आधी भेगाळलेली जमीन, मग तज्ज्ञ, शेवटी हिरवे शिवार. यात खोटे काही नसते; परंतु जमाखर्चातील केवळ जमेची बाजू दाखविलेली असते. ठिबक सिंचनाचेच पाहा. पाटाने भिजविलेल्या शेतातून जे पाणी वाया गेले असे आपण समजतो, त्यातील बराच भाग पाझरून खालच्या विहिरींत आणि ओढ्यांत उतरतो. वरच्या शेतकऱ्याने ते अडवून आपले बागायत वाढविले, तर खालच्याची विहीर आटते. श्रीलंकेतील आंतरराष्ट्रीय सिंचन व्यवस्थापन संस्थेचे तत्कालीन महासंचालक डेव्हिड सेक्लर यांनी १९९६ मध्येच ‘ओली’ बचत आणि नुसती कागदावरची ‘कोरडी’ बचत असा भेद स्पष्ट केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा निष्कर्षही हाच की, पाणीवाटपावर नियंत्रण नसेल तर केवळ तंत्र सुधारल्याने खोऱ्यातील पाण्याचा वापर सहसा घटत नाही. म्हणजे संशोधनाला जे ठाऊक आहे, तेच कॅमेरा बांधापाशी थांबल्यामुळे पडद्याबाहेर राहते.

याचा अर्थ चित्रपट निरुपयोगी आहे असा नव्हे. श्रीलंकेतीलच गल ओया प्रकल्पात १९८० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठ आणि कोलंबोची कृषिविषयक संशोधन संस्था यांच्या प्रयोगात तरुण संघटक खेड्यांत जाऊन राहिले. शेतकऱ्यांनी चाऱ्या उपसल्या, पाळ्या लावल्या आणि वरच्यांनी टोकाच्या शेतकऱ्यांसाठी पाणी सोडले. वरचे बहुतांशी सिंहली आणि टोकाचे बरेचसे तमिळ होते, आणि काळ वांशिक संघर्षाचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते. असा विश्वास कसा जुळतो, हे आकड्यांच्या कोष्टकापेक्षा कॅमेराच अधिक चांगले दाखवू शकेल.

प्रश्न केवळ कलेचा नाही. महाराष्ट्रातही ठिबकासाठी सरकारी अनुदान दिले जाते, आणि अशा चित्रांच्या प्रभावाखाली सार्वजनिक पैशाची दिशा ठरत असेल, तर तिची किंमत अखेर टेलचा शेतकरी मोजतो. म्हणून किमान तीन अपेक्षा रास्त ठरतात. चित्रपटाने प्रकल्पाखालचे गावही दाखवावे. चित्रीकरणाचा महिना आणि त्या वर्षीचे पाऊसमान सांगावे, कारण एका चांगल्या पावसाळ्याचे श्रेय योजनेला देणे सोपे असते. आणि खर्च कोणी केला हे नमूद करून काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, पुन्हा तेथे जावे. तोवर वर्गात असा चित्रपट दाखविणाऱ्या शिक्षकांनी दिवे लागल्यावर विद्यार्थ्यांना इतके तरी विचारावे: हे पाणी पूर्वी कोणाकडे जात होते?