मातीचा हिशेब आणि भावाची नियती

ग्रामीण साहित्यावरील परीक्षणांत 'मातीशी नाळ' हा शब्दप्रयोग किती वेळा येतो, याची मोजदाद कोणी केलेली नाही. केली तर संख्या मोठी भरेल, याविषयी आम्हांला शंका नाही. पण ही माती काय मागते आणि तिच्यातून निघालेल्या पिकाचे पुढे काय होते, हे प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारले. या उणिवेविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे, आणि त्यासाठी आरंभ थोड्या दूरच्या शेतापासून करावा लागेल.

अमेरिकेतील आयोवा, इलिनॉय या मका-सोयाबीनच्या राज्यांत खत देण्याची 'व्हेरिएबल रेट' नावाची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. शेताचे बहुधा अडीच-अडीच एकरांचे चौकोन पाडतात, प्रत्येकातील माती तपासतात आणि त्यावरून नकाशा करतात. खत टाकणारे यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने आपण कोणत्या चौकोनात आहोत हे ओळखते आणि स्फुरद, पालाश वा चुन्याची मात्रा चालता चालता कमी-अधिक करते. उताराची जमीन आणि सखल जमीन सारखी नसते, हे आपल्याकडील कोणताही जुना शेतकरी सांगेल. यंत्राने ते शहाणपण आकड्यांत बसवले.

एवढ्या अचूकतेनंतर तेथील शेतकरी निश्चिंत झाला काय? 2022 च्या वसंतात, युक्रेनमधील युद्ध पेटल्यावर, तिकडे अमोनिया खताचा भाव टनाला 1,500 डॉलरच्या वर गेला. त्या वेळी शिकागोच्या बाजारात मकाही बुशेलला 8 डॉलरच्या पुढे होता, म्हणून तो भार पेलला. 2024 च्या ऑगस्टमध्ये तोच मका 4 डॉलरच्या खाली आला. खतही उतरले होते. जमिनीचा खंड आणि कर्जाचे व्याज मात्र त्याच्यासोबत खाली आले नाही. कोणत्या चौकोनाला किती खत हवे, हे यंत्राला ठाऊक होते. कापणीच्या वेळी भाव काय असेल, हे दाखवणारा नकाशा कोणाजवळच नव्हता.

अमेरिकन कादंबरीने ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीच हेरली होती. फ्रँक नॉरिसच्या 'द ऑक्टोपस' (1901) मध्ये कॅलिफोर्नियातील गव्हाच्या मळ्याच्या कचेरीत एक तारयंत्र आहे. दूरदूरच्या बाजारांतले भाव त्यावर उमटतात आणि मळ्याचा मालक रात्र रात्र त्याच्यापाशी बसतो. 'द पिट' (1903) तर शिकागोतील गव्हाच्या सट्ट्याचीच कथा. तिसरी कादंबरी लिहिण्यापूर्वी, 1902 मध्ये नॉरिस वारला. त्याच्या कलागुणांविषयी मतभेद असू शकतील. पण भावाला त्याने पात्राइतके मानाचे स्थान दिले, हे नाकारता येणार नाही.

आता घराकडे वळू. सोयाबीनच्या तेलाचा आणि पेंडीचा व्यापार जगभर चालत असल्यामुळे लातूरच्या बाजार समितीतील बोलीवर शिकागोची सावली पडतेच. तारयंत्राची जागा मोबाइलने घेतली, एवढाच फरक. जमिनीचे गणित मात्र निराळे आहे. आयोवातला अडीच एकरांचा चौकोन म्हणजे सुमारे एक हेक्टर. आणि आपल्या सरकारी व्याख्येत तेवढीच ज्याची सगळी जमीन, तो अत्यल्पभूधारक. 2015 साली सुरू झालेल्या जमीन आरोग्य पत्रिकेच्या मूळ रचनेत कोरडवाहू भागात दहा हेक्टरांमागे मातीचा एक नमुना घ्यावयाचा होता. तिकडे एका शेतात अनेक चौकोन मावतात. इकडे एका चौकोनात अनेक कुटुंबे. शिवाय युरियाचा भाव सरकारने बांधलेला, म्हणून त्याची 45 किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. डीएपीची 50 किलोची गोणी मात्र 1,350 रुपयांची. तेव्हा जूनमध्ये कृषी सेवा केंद्राच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची खताची मात्राही बदलतीच असते. ती मातीपेक्षा खिसा पाहून बदलते.

आणि भाव? 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन काही बाजारांत क्विंटलला 10,000 रुपयांच्या वर गेले. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीस मुभा दिली, डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये जाहीर झालेला असताना अनेक बाजारांत त्याच्या खाली माल विकला गेला. यांतील प्रत्येक निर्णयाला कर्ता आहे, तारीख आहे आणि दुसरी बाजूही आहे. पेंड महागल्याने कुक्कुटपालन करणारे मेटाकुटीला आले होते. तेही शेतकऱ्याचेच भाऊबंद. नाट्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

आमच्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. ग्रामीण शोकात्मिकेतील अनिश्चिततेचे सारे दान आपण पावसाच्या पदरात टाकले. पाऊस हा नियतीचा सोयीस्कर प्रतिनिधी. तो रुसला की कोणालाच जाब विचारायचा नसतो. भाव तसा आभाळातून पडत नाही. तो माणसे ठरवतात, आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याला त्या बैठकीत जागा नसते. दुःखाचे कारण पाऊस मानले की वाचकाच्या मनात करुणा उपजते. कारण भाव आहे असे म्हटले की त्याच वाचकाला, म्हणजे तेल आणि डाळ स्वस्त मागणाऱ्या आपल्यालाही, कथेत ओढले जावे लागते. आपण पावसाला पसंती देतो ती यामुळे तर नसेल?

कादंबरी म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे, असा आक्षेप येईल. मान्य, पण 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जोतीराव फुल्यांनी डोंगरांवरून वाहून जाणारी माती बंधारे घालून अडवण्याची योजनाही मांडली आणि सारा, लोकलफंड यांचा जाबही विचारला. माती आणि पैसा त्यांनी एकाच वाक्यप्रवाहात पाहिले, आणि त्यामुळे त्यांच्या गद्याची धार कमी झाली नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (2002) मध्येही हा हिशेब आहे. आपण मात्र ती 'वास्तव चित्रण' या शीर्षकाखाली शिकवून मोकळे होतो. दोष लेखकांपेक्षा आपल्या वाचण्याचा अधिक आहे.

तेव्हा अध्यापक मित्रांना आमची एक सूचना आहे. पुढल्या वेळी वर्गात ग्रामीण कादंबरी लावाल, तेव्हा विद्यार्थ्यांना निसर्गवर्णने शोधायला सांगा. त्याबरोबर त्या कादंबरीत पीक कोणी विकले, कोणी घेतले आणि भाव कोणी सांगितला, हेही शोधायला सांगा. उत्तर सापडले नाही, तर ते न सापडणे हाच त्या तासाचा विषय होऊ द्या.