गंजिफा: भिंतीवरची आणि हातातली

पत्ते म्हटलं की इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. संपलं! दशावतारी गंजिफात मात्र दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, म्हणजे एकूण १२० पानं. तीही गोल, हाताने रंगवलेली आणि वर लाखेचा थर.

आपल्याकडे ही पानं म्हणजे सावंतवाडी. स्वातंत्र्यानंतर तिथे हे काम येणारे चितारी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ते बंद पडू दिलं नाही. राणीसाहेब स्वतः पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून शिकल्या आणि १९७०च्या दशकात राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' उभं राहिलं. राजे १९९५ मध्ये गेले, राणीसाहेब २०१८ मध्ये. घराण्याने काम चालू ठेवलं. २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. हे सगळं कौतुकाचंच आहे.

पण मला एक गोष्ट खटकते. हा संच घेणारे बहुतेक लोक तो फ्रेम करून भिंतीवर लावतात. खेळतं कोण? तिघांचा डाव, प्रत्येकाला ४० पानं. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. काय भन्नाट नियम आहेत! आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर वाचलं, पण त्यावर चालणारा प्रोग्रॅम कुणी चालवतच नाही.

माझ्या मते स्वस्त छापील संच आणि फुकटचं मोबाईल ॲप, दोन्ही घरोघरी पोचायला हवीत. पुणे-दौंड गाडीत मांडीवर रुमाल पसरून रमी खेळणाऱ्यांना दहा रंग जड जाणार नाहीत!

यावर कुणी म्हणेल, छापील संच आले की कारागिराच्या पोटावर पाय येईल. मला तसं वाटत नाही. प्लॅस्टिकचा बुद्धिबळ घरोघरी गेला म्हणून कोरीव लाकडी पटाची किंमत कमी झाली नाही. उलट ज्याला खेळ येतो, त्यालाच चांगला पट घ्यावासा वाटतो.

एका घराण्याने पानं वाचवली. डाव वाचवायचं काम मात्र त्यांच्या एकट्याचं नाही. ते खेळणाऱ्यांचं आहे, म्हणजे तुमचं-आमचं. बघा पटतंय का.