गाडी कुणाची?

इतिहासाच्या प्राध्यापकाने महाविद्यालयाच्या वार्षिकांकात लिहायचे म्हणजे एखादा किल्ला, एखादा ताम्रपट, निदान एखादा तह तरी हाताशी असावा, अशी आपणा सर्वांची रास्त अपेक्षा असते. माझ्या हाताशी यंदा हातभर लांबीची एक मोटारगाडी आहे. रेडिओलहरींवर चालणारी. ती मी माझ्या दोन मुलांसह दर रविवारी सकाळी आपल्याच मैदानाच्या कोपऱ्यात पळवतो, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. आणि त्यावरून माझ्यामागे काय बोलले जाते, हेही मला ठाऊक आहे. असो.

मध्यंतरी प्राध्यापक-कक्षात या विषयावर चांगलाच वाद झडला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मुलांच्या खेळात बापाने लुडबूड करू नये. आपण काठीने टायर पळवला, बेअरिंगचा गाडा केला, तेव्हा आपले वडील कुठे होते? कामावर! म्हणून तर मजा आली." दुसऱ्या बाईंनी माझी बाजू घेतली. हल्ली मुलांसाठी इतका वेळ काढणारे वडील दिसतात कुठे, असे त्यांचे म्हणणे. मला दोघांचेही पटले नाही. दोघेही ती गाडी मुलांची आहे असे धरून चालले होते. ती मुलांची नाही, माझी आहे. आणि हे कबूल करायला मला दीड वर्ष लागले, म्हणून हा लेख.

२०२२ च्या मे महिन्यात आम्ही इंग्लंडला ताईकडे गेलो होतो. एका संध्याकाळी दाजी मला आणि मुलांना जवळच्या शाळेच्या सभागृहात घेऊन गेले. जमिनीवर गालिचा अंथरून त्यावर नागमोडी मार्ग आखला होता. पाच-पाच मिनिटांच्या शर्यती चालू होत्या. गाडी चालवणारे सगळे एका उंच फळीवर ओळीने उभे. त्यांत साठी उलटलेले गृहस्थ होते आणि सात-आठ वर्षांचा एक पोरगाही होता. पण माझे लक्ष गाड्यांपेक्षा मार्गावर ठिकठिकाणी उभ्या असलेल्या माणसांकडेच जाई. गाडी उलटली की ती सरळ करायची, एवढेच त्यांचे काम. चौकशी केली तेव्हा कळले, की ज्याची शर्यत संपते त्याने पुढच्या शर्यतीला मार्गावर उभे राहून इतरांच्या गाड्या उचलायच्या असतात. त्यातून कोणी सुटत नाही. चुकवणाऱ्याची सर्वांत चांगली फेरी रद्द होते. त्या पोराची गाडी उलटली आणि ते साठीचे गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून वाकले. माझे मन तिथेच बसले.

परतताना सामानात एक खोके होते. रेडिओवर चालणाऱ्या मोटारी युरोप-अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पळत आहेत. पण सामान्य घरांत त्या शिरल्या त्या बऱ्याचशा तामिया या जपानी कंपनीमुळे. तिची पहिली रेडिओमोटार, पोर्शे ९३४ ची प्रतिकृती, १९७६ सालची. १९८४ साली तिने नवशिक्यांसाठी 'ग्रासहॉपर' काढली. ग्रासहॉपर म्हणजे आपला नाकतोडा. २००५ साली ती पुन्हा बाजारात आली आणि तीच माझ्या खोक्यात होती. सुट्या भागांची. जोडणी आपण करायची. ट्रान्समीटर, रिसीव्हर, बॅटरी, चार्जर हे सगळे वेगळे घ्यावे लागते, आणि त्या पैशांत आपल्याकडे एक चांगली सायकल आली असती, हेही सांगून टाकतो. "मुलांसाठी आणली," असे मी घरी जाहीर केले. सौभाग्यवतींनी खोक्याकडे आणि माझ्या चेहऱ्याकडे आळीपाळीने पाहून विचारले, "नक्की कुणासाठी?"

जोडणीला तीन रविवार लागले. म्हणजे मी जोडली आणि मुले स्क्रू मोजत बसली. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. मागच्या चाकांच्या मधली दातेरी चक्रे बसवताना तिने एक चाक फिरवले, तर दुसरे उलटे फिरले. "हे बिघडलंय का?" तिने विचारले. मी तिला बैलगाडीचे उदाहरण दिले. बैलगाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर काटावे लागते. तिची चाके आसावर सुटी असतात म्हणून ते जमते. मोटारीत दोन्ही चाकांना जोर तर द्यायचा आणि वेगवेगळे फिरूही द्यायचे, म्हणून ही चक्रे. तिने पेटी पुन्हा उघडून स्वतः लावून पाहायला मागितली. मी म्हणालो, "आता बंद केलीय, राहू दे." त्या घटकेला शिकवणे माझे आणि शिकणे तिचे, दोन्ही एकदमच थांबले. पण तेव्हा मला ते कळले नाही.

मैदानावर खरी परीक्षा. गाडी आपल्यापासून दूर जात असते तोवर डावे ते डावे आणि उजवे ते उजवे. ती वळून आपल्याकडे येऊ लागली की सगळे उलटते. तिचे डावे ते आपले उजवे. मोठ्या माणसाला हे फार जड जाते, कारण तो विचार करतो. मुलीला आठवडाभरात जमले. मनाने ती गाडीत जाऊन बसत असावी. मी मात्र तिच्या शेजारी उभा राहून "डावीकडे! अगं डावीकडे!" असा ओरडायचो, आणि ते डावीकडे माझे असायचे, गाडीचे नव्हे. पूर्वी या खेळात म्हणे दोन गाड्यांचे स्फटिक एकाच वारंवारतेचे निघाले तर एकाच्या यंत्राने दुसऱ्याची गाडी वळायची. आजच्या २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत तो घोटाळा होत नाही. बापाच्या बाबतीत अशी सोय अजून निघालेली नाही.

आता जे सांगायला नको वाटते ते सांगतो. डिसेंबर २०२३ च्या स्नेहसंमेलनात आम्ही शर्यतीचे प्रात्यक्षिक ठेवले होते. तोवर आम्ही पाचजण जमलो होतो. त्यांत बँकेतले एक गृहस्थ, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातला एक मुलगा आणि आपलेच दोन विद्यार्थी होते. ठिबकचे जुने पाइप टाकून आणि फक्की मारून मार्ग आखला होता. चारशे-पाचशे माणसे बघत होती. मुलगी तिसरी चालली होती, शेवटचा फेरा, आणि समोरची गाडी घसरली. मला वाटले, आता संधी आहे आणि ही ती घालवणार. मी तिच्या हातातून ट्रान्समीटर ओढून घेतला. गाडी दुसरी आली. टाळ्या वाजल्या. मी बाजूला पाहिले तर ती बाकावरून खाली उतरली होती. एवढेच म्हणाली, "आता तुम्हीच चालवा."

पुढचे चार महिने ती मैदानावर आली नाही.

त्या चार महिन्यांत मी एकट्याने गाडी पळवली आणि विचार केला. मासामी हिरोसाका या जपानी खेळाडूने विशीच्या आतच, १९८७ साली, इंग्लंडमध्ये या खेळातले जागतिक विजेतेपद मिळवले आणि पुढे एकूण चौदा विजेतेपदे जिंकली. त्याच्या पाठीशी त्याचे वडील उभे असत. असा दाखला वाचला की बापाच्या डोळ्यांपुढे चषक चमकू लागतात. माझ्याही चमकले होते. चषकाची इच्छा असणे वाईट नाही, पण ती माझी इच्छा होती आणि तिच्यावर नाव मी मुलीचे घातले होते. आपण 'मुलांसाठी' म्हणून जे जे करतो, गाण्याचा क्लास, बुद्धिबळ, शिष्यवृत्तीची परीक्षा, त्यांतले खरोखर किती आपल्या स्वतःसाठी असते, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरी मांडावा. माझ्या सहकाऱ्यांचा लुडबुडीचा आक्षेप मला इथे निम्मा मान्य आहे. पण त्यावर उपाय बापाने दूर राहण्यात नाही. छंद माझा आहे, तुला यायचे तर ये, कंटाळा आला तर जा, असे मुलांना सरळ सांगता आले पाहिजे. आणि ती आलीच, तर मोडतोडीच्या हक्कासकट पुरता वाटा द्यायला हवा.

मी मुलीची माफी मागितली. तिने वहीच्या पानावर अटी लिहून दिल्या. ती चालवत असताना मी हात लावायचा नाही. दिशा ओरडून सांगायच्या नाहीत. गाडी मोडली तर 'कशी मोडली?' असे विचारायचे नाही. शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड गेले. त्याच सुमारास आमच्या कंपूने इंग्लंडातला तो नियमही घेतला, आणि आपली शर्यत संपली की पुढच्या शर्यतीला उन्हात उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्या उचलण्याचे काम मुलांबरोबर माझ्याही वाट्याला आले. आणखी एक नियम आहे. खोक्यातून निघालेली मोटारच वापरायची, जास्त वेगाची विकत आणून बसवायची नाही. नाहीतर या खेळात गाड्यांऐवजी पाकिटांची शर्यत लागते, आणि रिवाइंडिंगच्या दुकानातल्या मुलासारखा सर्वांत चांगला चालक सर्वांत मागे राहतो.

मागच्या रविवारी मुलगी आघाडीवर होती आणि मी वळणावर उभा होतो. तिची गाडी पाइपला अडून उलटली. मी त्याच क्षणी धाकट्याशी बोलत होतो. "बाबा, लवकर!" अशी हाक आली. धावत जाऊन मी गाडी सरळ केली आणि गडबडीत तिचे तोंड उलट्या दिशेला करून ठेवली. शर्यत बँकेतल्या गृहस्थांनी जिंकली. घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी जुने वर्तमानपत्र अंथरून ती स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली आणि मागची पेटी उघडू लागली. मी दारातून पाहत होतो. ती धाकट्याला म्हणाली, "बाबांना बोलाव. पण म्हणावं, नुसतं बसा."